गेटापुरती लस

औषधाच्या कुपीच्या तोंडावर जे राखाडी रबरी बूच असतं, त्याचा खर्च काढणं हे माझं काम आहे. रबर किती लागलं, वीज किती जळली, धुलाईला पाणी किती, निवडीत शेकडा किती बुचं बाद झाली, हे सगळं धरून एका बुचाला काय पडलं ते दर महिन्याला वरती कळवायचं. मी कामशेतला राहतो. कंपनीची बस स्टेशनजवळून सुटते. बायको घरी गणिताच्या शिकवण्या घेते. दोघांनाही आकड्यांची खोड असल्यामुळे आमच्या घरात भांडणंसुद्धा पावत्या समोर ठेवून होतात.

महामारीबद्दल आता कुणी फारसं बोलत नाही. बोललंच तर ऑक्सिजनबद्दल, गेलेल्या माणसांबद्दल बोलतात आणि ते बरोबरच आहे. मी जे लिहितोय त्यात कुणी मेलं नाही. एका बाईचं गेटकार्ड बंद पडायची पाळी आली, एवढंच घडलं. पण माझ्या मनात त्या काळाचं जे काही शिल्लक आहे, ते याच गोष्टीला चिकटून बसलंय.

आमच्या कारखान्यात निवड विभाग म्हणून एक लांबट दालन होतं. ट्यूबलाइटच्या खाली पांढरी टेबलं आणि टेबलांवर बुचांचे ढीग. बायका हातमोजे घालून एकेक बूच फिरवून बघायच्या. चीर, ठिपका, बुडबुडा दिसला की बाजूला. या बायका सगळ्या कंत्राटी. वडिवळ्याच्या वरच्या वस्त्यांवरून, टाकव्याकडून येणाऱ्या. त्यांतली एक आमच्या ओळखीची होती. कारखान्यात लागायच्या आधी ती पावसाळ्यात कामशेतला दारोदार रानभाज्या विकायची. माझ्या बायकोने तिच्याकडून कुरडू, टाकळा साफ करायला शिकून घेतलं आणि बदल्यात तिचं नाव मुकादमापर्यंत पोचवायला मला लावलं. वय पस्तिशीच्या आसपास. घरात सासू आणि दोन मुलं. नवरा कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडिंगला येणाऱ्या हौशी लोकांच्या छत्र्यांची अवजड बोचकी वर वाहून न्यायचा. लॉकडाऊनमध्ये उडणं थांबलं आणि त्याची कमाईही थांबली. त्या घरात तिची मजुरी तेवढी येत होती.

आमचा कारखाना एक दिवसही बंद राहिला नाही. औषधाचं बूच म्हणजे अत्यावश्यक सेवा. नाक्यावर पोलीस आमची बस बघून हाताने पुढे जा म्हणायचे. गेटावर मोठा फलक लागला, त्यावर आम्हाला योद्धे म्हटलं होतं. पहिल्या लाटेनंतर कंपनीने आभार म्हणून लोणावळ्याहून चिक्की मागवली. कायम कामगारांना किलोचा डबा, कंत्राटी लोकांना पाव किलोची पुडी. वाटप करणाऱ्याला मी विचारलं, की बुचं निवडण्यात यांचं योद्धेपण पाव आहे का? तो म्हणाला, "साहेब, आलेल्या यादीप्रमाणे वाटतोय."

दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२१च्या मे महिन्यात, गेटावर सूचना लागली. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, लशीचा निदान एक डोस घेतल्याचं प्रमाणपत्र ज्याच्याकडे नसेल त्याचं गेटकार्ड चालणार नाही. मोठ्या गिऱ्हाइकाची तशी अट होती. आमची गिऱ्हाइकं म्हणजे औषधं आणि लसी बनवणाऱ्या कंपन्या. अटीत चूक काहीच नव्हती. दालनात दाटीने बसणाऱ्या माणसांनी लस घ्यावी हे मलाही पटत होतं. माझं वय पंचेचाळीसच्या वर असल्यामुळे मला सरकारी केंद्रावर आधीच फुकट मिळाली होती. लशीत पाणी असतं, त्याने माणूस मरतो, असलं बोलणाऱ्यांशी मी त्या वर्षात पुष्कळ भांडलो आहे. तेव्हा माझी तक्रार औषधाबद्दल आहे असं कुणी समजू नये.

कायम कामगारांसाठी कंपनीने एका खासगी दवाखान्याशी बोलणी करून कँटीनमध्येच शिबिर घ्यायचं ठरवलं. खर्च कंपनीचा. मी कार्मिक विभागातल्या अधिकाऱ्याला विचारलं, "निवडच्या बायकांचं काय?"

"त्यांचं कंत्राटदार बघेल ना." पोरगा तिशीतला, वागायला सभ्य. "शिवाय सरकारी केंद्रावर फुकट आहे की. फुकटचं कोण सोडतं?"

"मिळत कुठे आहे?"

"पोर्टलवर बसावं लागतं, साहेब. संध्याकाळी स्लॉट खुलतात. मी बसलो ना चार दिवस. इकडेच एका खेड्यातलं केंद्र मिळालं. बायकोला घेऊन गेलो, धरणाच्या कडेने काय सुंदर रस्ता आहे! ड्राइव्हची ड्राइव्ह झाली."

शिबिराच्या दिवशी कँटीन अडकलेलं, म्हणून कंत्राटी बायकांनी सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसून डबे खाल्ले.

त्या रविवारी ती रानभाज्यावाली आमच्या घरी आली. पायरीवर चपला काढून आत आली आणि तोंडावरचा पदर न काढताच म्हणाली, "वहिनी, त्या सुईला माजं नाव घाला की. एक तारखंला कार्ड बंद करत्यात म्हनं."

"आधार आणलंस?"

तिने पोलक्यातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून कार्ड. बायकोने नंबर घातला. पडद्यावर लाल ओळ आली. या कार्डावर नोंदणी आधीच झालेली होती, दुसऱ्याच कुठल्या मोबाइलवरून.

"अगं, तुझं नाव आधीच घातलंय कुणीतरी. हा नंबर कुणाचा?"

तिने पडद्यावरचे शेवटचे आकडे बघितले. "ह्यो व्हय, मुकादमाचा."

"त्याचा का दिलास?"

"त्याचाच देतो की आमी समदीकडं. रेशनला त्योच, ब्यांकंत त्योच, पोरांच्या शाळंत बी त्योच. आमच्या वस्तीत समद्यांचा त्योच."

"नवऱ्याकडे फोन आहे ना?"

"हाय. रिचार्ज मारला तर हाय. सिम मेलं की नवं घेतो, मग नंबर बदालतो. मुकादमाचा हाय त्यो हाय. आन् वर रेंज कुटं येती, वहिनी? खडकावर जाऊन हात वर केला तर एक कांडी."

"मग बँकेत पैसे आले हे तुला कसं कळतं?"

"मुकादम सांगतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

ती हसली. "तर न्हाई आलं."

मुकादम म्हणजे कंत्राटदाराचा माणूस. वस्त्यांवर फिरून बायका गोळा करणारा, टेम्पो लावणारा, हजेरी घेणारा. त्याने सगळ्यांची नावं आपल्या तीन-चार सिमांवर वाटून पोर्टलवर चढवून ठेवली होती. आधार कार्डांचे फोटो त्याच्याकडे असायचेच. आता तिच्या नावाने स्लॉट बघायचा तर प्रत्येक वेळी त्याच्या फोनवर ओटीपी जाणार आणि तो आम्हाला मिनिटा-दोन मिनिटांत त्याच्याकडून घ्यावा लागणार.

माझी बायको जिद्दीची. तिने त्याला फोन लावला.

"कशाला घाई करता, मॅडम?" तो म्हणाला. "आमचा मालक करनार हाय समद्यांचं एकदम."

"कधी?"

"बोलणी चाललीत."

"बोलणी होऊ द्या. तोपर्यंत आकडे सांगा."

त्याने सांगितले. दुसऱ्या दिवशीही सांगितले. चौथ्या संध्याकाळी तो वैतागला, "मॅडम, घास तरी गिळू द्या!" बायको म्हणाली, "गिळा, पण सहा आकडे सांगून गिळा." त्या आठवड्यात स्लॉट खुलल्याबरोबर हिरवे चौकोन दिसायचे आणि बोट टेकेपर्यंत लाल व्हायचे. आमच्या तालुक्यातली केंद्रं, आमच्या पाहण्यातली गावं, आणि ती पुण्यात-मुंबईत बसलेली माणसं आमच्याआधी दाबत होती. शेवटी एका संध्याकाळी बायको खुर्चीतून ओरडली. मिळाला होता. एक केंद्र, एक तारीख.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ती वस्तीवरून चालत कामशेतपर्यंत आली, तिथून माझ्या मोटारसायकलवर. आरोग्य केंद्राच्या अलीकडच्या वळणापासूनच गाड्या उभ्या होत्या. पुण्याकडचे एमएच बारा, एमएच चौदा, मुंबईचेही दोन-तीन नंबर. लोणावळ्याच्या बंगल्यांत लॉकडाऊन काढायला आलेली मंडळी असणार ती. कुणी डिकीतून घडीच्या खुर्च्या काढून आंब्याखाली बसलं होतं. कुणी धरण किती लांब आहे हे विचारत होतं. एका बाईंनी आतल्या नर्सला तीनदा विचारलं, की बाथरूम स्वच्छ आहे का.

केंद्राच्या ओट्यावर गावातले एक आबा बसले होते. पायजमा, टोपी, मास्क हनुवटीला. शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने त्यांना आपुलकीने विचारलं, "आजोबा, तुमचं झालं का?"

"माजं झालं. म्हाताऱ्यांस्नी पहिल्या झटक्यात दिलं. पोरं ऱ्हायली माजी. त्यांच्या वाटणीची तुमी न्याया आलाय."

तरुण ओशाळला. "आम्हीपण नियमानेच आलोय, आजोबा."

"व्हय की. नेम बी तुमीच आणलाय संगं."

आजूबाजूचे हसले. तो तरुणही थोडा हसला आणि गाडीत जाऊन बसला. मला त्याचा राग आला नाही. त्यालाही जिवाची भीती होती, त्याच्याकडे वेगवान इंटरनेट होतं, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. लस पुरेशी नव्हती आणि ती वाटण्यासाठी कुणी तरी बोटांची शर्यत लावली होती. शर्यत लावणाऱ्यांनी वडिवळ्याच्या वरची वस्ती पाहिलेली नव्हती.

आमचा नंबर आला. संगणकावर बसलेल्या मुलीने आधार कार्ड घेतलं, नाव सापडलं, आणि म्हणाली, "चार आकडी कोड सांगा."

"कुठला कोड?"

"बुकिंगच्या वेळी मेसेज आला असेल. याच आठवड्यात सुरू झालंय. कोड घातल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

मेसेज मुकादमाच्या फोनवर गेलेला होता. मी फोन लावला. वाजत राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मुकादम पहिल्या पाळीत होता आणि आमच्या कारखान्यात मोबाइल गेटावरच्या खणात जमा करावा लागतो. गिऱ्हाइकाची अट. आत फोटो निघू नयेत म्हणून. मी गेटावर फोन केला. सुरक्षारक्षक म्हणाला, "साहेब, वाजतोय खणात, मला ऐकू येतंय. पण ज्याचा त्यालाच देतो आम्ही. आणि खोलून बघणार कसा? त्याला कुलूप असतं ना." मग विभागात फोन केला. सुपरवायझर म्हणाला, "गाडी भरायला लावलीय त्याला. पाळी सुटली की पाठवतो."

पाळी तीनला सुटते. केंद्रावरची लस एकच्या सुमारास संपणार होती.

नर्स बाहेर आल्या. चाळिशीच्या, थकलेल्या, पण आवाज मऊ. "मी टोचते हो, मला काय. पण संगणकात चढलं नाही तर प्रमाणपत्र निघणार नाही."

"मग नुसती टोचा," ती म्हणाली. "कागूद मागनं."

"तसं नाही करता येत, बाई. साठ्याचा हिशेब लागत नाही मग."

हिशेब लागत नाही, हे कारण मी आयुष्यभर इतरांना देत आलोय. त्या दिवशी ते ऐकून घेतलं. आम्ही आंब्याच्या कडेला उभे राहिलो. बाराला मी पुन्हा फोन लावला, साडेबाराला लावला. मागच्या गाडीतली माणसं आत गेली, बाहेर आली, दंडावर कापूस दाबून खुर्च्या घडी करून निघून गेली. एकच्या सुमारास नर्सने दारात येऊन दोन्ही हात हलवले. संपली. मागे राहिलेले गाडीवाले भांडायला लागले. आम्ही मोटारसायकल काढली.

वाटेत ती मागून म्हणाली, "भाऊ, ती बाटली बघितली मी. त्या बाईंच्या हातात व्हती. आपलंच बूच व्हतं का?"

"असेल."

"चांगलं बसलं व्हतं," ती म्हणाली.

संध्याकाळी मुकादमाचा फोन आला. "साहेब, माजा फोन गेटात व्हता, मी काय करू?" तो खोटं बोलत नव्हता. त्याला दोष द्यावा असं काही सापडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर आठवड्याभरात सरकारी केंद्रांवर पंचेचाळीसच्या खालच्या लोकांना लस देणंच थांबलं. साठा नाही म्हणाले. आणि त्याच दिवसांत पुण्याकडच्या खासगी दवाखान्यांच्या जाहिराती आमच्या फोनवर यायला लागल्या. लस उपलब्ध, आजच या. मी पहिल्यांदा वाचून चक्रावलो. मग पेपर नीट वाचला तेव्हा उलगडा झाला. एकाच कारखान्यातून निघणाऱ्या एकाच लशीला तीन भाव होते. केंद्र सरकारला एक, राज्यांना त्याच्या वरचा, आणि खासगी दवाखान्यांना सगळ्यांत वरचा. दवाखान्यांचा वाटा वेगळा काढून ठेवलेला होता. वरच्या भावाचा माल आधी कुठे जाणार हे सांगायला माझ्यासारख्या माणसाची गरज नाही. लस बनवणाऱ्या कंपनीच्या जागी बसून खर्चाचा कागद मांडला असता तर मीही तेच सुचवलं असतं, कारण कागदावर ते बरोबरच येतं. त्या कागदात आजाराला रकाना नसतो.

कंत्राटदाराची बोलणी म्हणजे काय चाललं होतं ते आता कळलं. एका दवाखान्याने लस घाऊक घेतली होती आणि त्यांना ती खपवायची होती. कंत्राटदाराने त्यांच्याशी डोक्यामागे दर ठरवला. दवाखान्याचा भाव, त्यावर टोचणावळ, त्यावर टेम्पोचं भाडं, त्यावर नोंदणीचं म्हणून काहीतरी. सगळं मिळून साडेतीन दिवसांची मजुरी. पगारातून तीन हप्त्यांत कापायची.

तिने आधी नाही म्हटलं. आमच्या दारात उभी राहून म्हणाली, "फुकटची वस्तू हाय ती. मी पैकं देऊन घेनार न्हाई. पुन्ना येईलच की सरकारी."

एक तारीख आली. तिने गेटावरच्या यंत्राला कार्ड लावलं आणि लाल दिवा लागला. रक्षकाने तिला बाजूला घेतलं. तिच्याबरोबर आणखी अकरा-बारा बायका होत्या. त्या दिवशी सगळ्या टेम्पोतून परत गेल्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्या जणींनी होकार दिला. ती आठवडाभर अडून बसली. मी वर वस्तीवर निरोप पाठवला, की सरकारी कधी सुरू होईल काही सांगता येत नाही, आणि निवडीत नव्या बायका भरायचं चाललंय. निरोप खरा होता. आठवडा संपता संपता तीही टेम्पोत बसली.

दवाखाना थंडगार होता, असं तिने नंतर माझ्या बायकोला सांगितलं. "लय गार. आन् गोड बोलत्यात. सुई झाल्यावर फ्रूटीची डबी दिली." बाहेर पुठ्ठ्याची एक मोठी चौकट होती, तिच्यावर लस घेतल्याचा अभिमान छापलेला. प्रत्येकीला चौकटीत उभं करून मुकादमाने फोटो काढले. कंत्राटदाराला ते दवाखान्याला पाठवायचे होते. प्रमाणपत्र मुकादमाच्या फोनवर आलं. कामशेतच्या झेरॉक्सवाल्याकडे त्याचा कागद काढून, प्लास्टिकमध्ये बंद करून तिने तो गेटावर दाखवला. हिरवा दिवा लागला.

"मुकादमाला बी काय तरी भेटलं असंल न्हाई, भाऊ?" तिने मला विचारलं.

"असेल."

"असू दे. त्याचा बी रिचार्ज लागतोच की!"

त्याच महिन्यात सरकारने जाहीर केलं, की आता सगळ्यांना फुकट. पावसाळ्याच्या मध्यावर केंद्रांवर पुरेसा माल आला, कोडची झकाझकी कमी झाली, गाड्याही यायच्या थांबल्या. तिच्या पगारातले हप्ते मात्र चालूच होते. मी कंत्राटदाराच्या कारकुनाला गाठून म्हटलं, की आता उरलेला हप्ता सोडा. तो म्हणाला, "साहेब, त्यांनी घेतली तेव्हा कुठे फुकट होती?" कायद्याने त्याचंच बरोबर. मी परत फिरलो.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी उगाच एक हिशेब मांडला. एका कुपीत दहा माणसांची लस. कुपीला बूच एक. आमच्या बुचाचा भाव मी इथे लिहीत नाही, नोकरीत ते बसत नाही. एका डोसासाठी तिला साडेतीन दिवस काम करावं लागलं आणि तेवढ्या दिवसांत ती हजारो कुप्यांची बुचं निवडून देत होती, एवढं सांगतो. ते सगळं जोडलं तर तिच्या हाताखालून किती माणसांची लस गेली हे काढता येतं. काढलं. मग कागद फाडून टाकला, कारण पुढे त्याचं करायचं काय हे मला समजेना.

ते वर्ष आमच्या कंपनीचं सगळ्यांत चांगलं वर्ष ठरलं. मालकांनी पुण्याच्या हॉटेलातून पडद्यावर येऊन हिंदीत भाषण केलं, विज्ञानाचे आणि आमचे आभार मानले. अधिकाऱ्यांना बक्षीस मिळालं. मलाही मिळालं, मी घेतलं, त्यातून घरावरची गळकी पन्हळ बदलली. नफ्याच्या पैशातून निवड विभागात बुचं तपासणारं कॅमेऱ्याचं यंत्र आलं. यंत्राचा खर्च किती महिन्यांत वसूल होईल तो तक्ता माझ्याच टेबलावर तयार झाला. दिवाळीनंतर लशीच्या मागण्याही ओसरल्या. कंत्राटदाराचा करार संपला आणि तो पुन्हा केला गेला नाही. पांढरी टेबलं गोदामात गेली. बायकांची कार्डं एका दिवसात बंद झाली.

डिसेंबरच्या एका रविवारी मी वस्तीवर गेलो. तिच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे काढायचे होते आणि तिथेही मुकादमाचाच नंबर होता. तो बदलण्याच्या अर्जावर तिचा अंगठा हवा होता. भात झोडून झालं होतं. खळ्यात ती आणि तिची सासू पाखडत बसल्या होत्या. अर्जाचं काम पाच मिनिटांत झालं. नंबर तिने या वेळी माझ्या बायकोचा घालायला सांगितला. मी म्हटलं, स्वतःचा घे. ती म्हणाली, "वहिनी कुटं पळून जात्यात?"

तेवढ्यात खालून एक नर्स चढून आल्या. खांद्याला निळा डबा, मागे आशाताई. तेव्हा सरकार घरोघरी जाऊन राहिलेल्यांना लस देत होतं. नर्स खळ्याच्या कडेला दगडावर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि नावं विचारायला लागल्या. दोन म्हातारे आले, शेजारच्या घरातली सून आली, तिचा नवरा ढकलत ढकलत आला. नर्सने कुपी उघडली.

"तुझा दुसरा राहिलाय ना?" आशाताईने तिला विचारलं.

"ऱ्हायलाय."

"मग ये. कोड नाही, ओटीपी नाही. वहीत नाव लिहिते, खाली गेल्यावर चढवते."

"आता कशाला? कार्ड तर बंद झालं."

नर्स म्हणाल्या, "अगं, कार्डाचा काय संबंध? तुला आजार होऊ नये म्हणून आहे ती."

"तसं कुनी सांगितलंच न्हाई, बाई. कंपनीनं सांगितलं ते गेटासाठी. मालकानं पैकं कापलं ते बी गेटासाठी. गेटाला एकच लागत व्हता, त्यो घेतला. आता गेट न्हाई."

"तुम्ही तरी सांगा हो," नर्स माझ्याकडे वळून म्हणाल्या.

मी सांगितलं. पहिल्या डोसाने काय होतं, दुसऱ्याने काय वाढतं, घरात सासू आहे, मुलं आहेत, नवी लाट आली तर काय. मला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं, आणि त्यातलं काहीही चुकीचं नव्हतं. तिने सूप खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाऊ, खरं सांगा. ही घेतली तर परत घेत्याल का कामावर?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि सूप उचललं.

नर्स अजून थोडा वेळ थांबल्या. आशाताई पलीकडच्या चार घरांत हाका मारून आली. कुणी रानात गेलं होतं, कुणी खाली बाजारात. उतरताना मी नर्सबरोबरच निघालो. कुपीत सहा जणांची लस उरली होती. मी विचारलं, ही उद्या चालेल का. त्या म्हणाल्या, "नाही हो. उघडल्यावर चार तास. खाली पोचेपर्यंत कुणी भेटलं तर भेटलं."

आम्ही खाली पोचलो. वाटेत कुणी भेटलं नाही.